पोपटाच्या बोलण्याचा जुना वाद

मराठींत ‘पोपटपंची’ हा शब्द निंदेचा आहे. ज्या विद्यार्थ्यास पाठ केलेल्या उत्तराचा अर्थ सांगतां येत नाहीं, ज्या वक्त्याचें भाषण कालच्या वर्तमानपत्रांतून उचललेलें असतें, त्यांस आपण हा शब्द लावतों, आणि जातां जातां एका पक्ष्यासंबंधीं निकालहि देऊन टाकतों. पोपट बोलतो, पण आपण काय बोलतों हें त्यास समजत नाहीं, असा तो निकाल. ज्या खटल्यांत हा निकाल झाला तो फार जुना आहे, आणि त्यांतील साक्षीपुरावा वाचूं लागलें म्हणजे निकाल देणाऱ्यानें जरा घाईच केली असें वाटूं लागतें. त्यांपैकीं कांहीं साक्षी आज आपणांपुढें मांडावयाच्या आहेत.

पहिली साक्ष आपल्या घरचीच. ऋग्वेदांतील एका सूक्तांत रोगी आपली कावीळ पोपटांच्या अंगीं जावो अशी प्रार्थना करतो. पण तेथें रंगाचा संबंध आहे, वाणीचा नाहीं. यजुर्वेदांत मात्र अश्वमेधाच्या प्रकरणीं निरनिराळ्या देवतांना नेमून दिलेल्या पशुपक्ष्यांची जी लांबलचक यादी येते, तींत सारिका सरस्वतीला व शुक सरस्वान् या देवतेला दिलेला असून दोघांसहि ‘पुरुषवाक्’, म्हणजे मनुष्याच्या वाणीनें बोलणारा, असें विशेषण लावलेलें आहे. यादी करणारे ऋत्विज कोरडे व काटेकोर लोक. त्यांनीं हें विशेषण अलंकारासाठीं घातलेलें नाहीं. रानांतला पोपट आपण होऊन मनुष्यवाणी बोलत नाहीं. तेव्हां त्या काळीं कोणीतरी पोपटास जवळ बसवून शब्द शिकविले होते, एवढें या एका विशेषणावरून खास ठरतें.

परदेशांत या पक्ष्याची कीर्ति नेली ती एका वैद्यानें. क्टीसिअस हा ग्रीक गृहस्थ इराणच्या दुसऱ्या अर्टाझर्क्सीस बादशहाच्या पदरीं राजवैद्य होता. इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमारास त्यानें हिंदुस्थानाविषयीं एक पुस्तक लिहिलें. स्वतः तो हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता, आणि त्यानें ऐकीव गोष्टींवर इतका विश्वास टाकला आहे कीं एकाच पायावर उड्या मारीत पळणाऱ्या माणसांचें वर्णनहि त्यानें खुशाल केलें आहे. परंतु त्याच पुस्तकांत ‘बित्ताकॉस’ नांवाच्या पक्ष्याचें वर्णन आहे. त्याचें तोंड जांभळट तांबडें, दाढी काळी, जीभ व आवाज मनुष्याचा. तो हिंदी भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकविल्यास ग्रीकहि बोलेल, असें क्टीसिअस म्हणतो. सह्याद्रीच्या जंगलांतून थव्याथव्यांनीं उडणारा लाल-जांभळ्या डोक्याचा, काळ्या कंठरेषेचा लहान पोपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें वर्णन ओळखूं येईल. शेंकडों थापांच्या ढिगांत सांपडलेली ही एक खरी गोष्ट. आणि गंमत अशी कीं, पुढच्या पिढ्यांना इतर थापांइतकीच हीहि थाप वाटली असती, जर अलेक्झांडरचें सैन्य मध्यंतरीं पंजाबांत येऊन गेलें नसतें. त्याचा नौकाधिपति नीआर्कस यानें पोपटाचें वर्णन अद्भुत म्हणून केलें. त्यानंतर सुमारें साडेचारशें वर्षांनीं एरिअन हा इतिहासकार लिहितो कीं, पोपट मीं स्वतः पुष्कळ पाहिले आहेत व इतरांनाहि ते ठाऊक आहेत, तेव्हां त्यांचें वर्णन करीत बसत नाहीं. अद्भुताचें नेहमींचें होण्यास एवढा काळ पुरला.

रोममध्यें तर पोपट हा श्रीमंतीचा दागिना झाला. ओव्हिडनें आपल्या प्रियेच्या मेलेल्या पोपटावर विलापिका रचली. स्टेशिअसनें आपल्या मित्राच्या पोपटावर रचली. प्लिनी लिहितो कीं, हिंदुस्थानांतून येणारा हा हिरवा, लाल कंठ्याचा पक्षी सम्राटांना नमस्कार करतो. पण त्यास शिकवितांना डोक्यावर लोखंडी कांबीनें मारावें लागतें, कारण त्याचें डोकें इतकें कठीण असतें कीं हलका मार त्यास कळतच नाहीं. हें वाक्य वाचून वात्स्यायनाच्या नागरकाची आठवण होते. कामसूत्रांत चौसष्ट कलांमध्यें शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही एक कला आहे, आणि नागरकाच्या दिनचर्येंत तिची वेळहि ठरलेली आहे, ती दुपारच्या भोजनानंतरची. सुखानें जेवलेला, विडा चघळीत बसलेला, निवांत झालेला गुरु आणि हातांत लोखंडी कांब घेतलेला गुरु, यांपैकीं कोणाचा शिष्य अधिक बोलका निघत असेल, हें सांगावयास नको. या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर विसाव्या शतकांत मिळालें. त्याकडे पुढें येऊं.

रोमचीच एक गोष्ट मॅक्रोबिअसनें सांगितली आहे. ती पोपटाची नव्हे, डोमकावळ्याची आहे, पण आपल्या खटल्यास लागू पडणारी आहे. ऑगस्टस सम्राट विजयी होऊन परतला तेव्हां त्यास अभिवादन करणारे पक्षी त्यानें मोठी किंमत देऊन विकत घेतले. तें पाहून एक गरीब चांभार कावळ्यास अभिवादन शिकवूं लागला. पक्षी कांहीं केल्या बोलेना, म्हणून तो वरचेवर कष्टानें म्हणे कीं, मेहनत गेली आणि पैसाहि गेला. शेवटीं एकदांचें अभिवादन जमलें. पण सम्राट म्हणाला कीं, असले नमस्कार करणारे घरीं पुष्कळ आहेत. तेवढ्यांत कावळ्यानें धन्याचें तें रडगाणें जसेंच्या तसें म्हटलें. ऑगस्टस हंसला व त्यानें आजवर दिली नव्हती एवढी किंमत त्या पक्ष्यास दिली. आतां, पक्षी समजून बोलला कीं योगायोगानें? बोलणें प्रसंगास इतकें चपखल बसलें कीं सम्राटानें हा प्रश्नच विचारला नाहीं.

संस्कृत कवींनींहि या योगायोगाचा पुष्कळ उपयोग केला. रत्नावली नाटिकेंत नायिकेनें मैत्रिणीपाशीं सांगितलेलें प्रेमरहस्य सारिका राजाच्या कानांवर घालते. अमरुशतकांतील एका श्लोकांत, रात्रीं पतिपत्नींमध्यें झालेलें बोलणें सकाळीं वडील माणसांदेखत पोपट घडाघडा म्हणूं लागतो, आणि लाजेनें चूर झालेली ती तरुणी डाळिंबाचा दाणा म्हणून कानांतलें माणिक त्याच्या चोंचींत कोंबते. या ठिकाणीं पोपट हें एक चालतें-बोलतें यंत्र आहे. पण बाणभट्टाचा पोपट निराळा. सातव्या शतकांतील त्याच्या ‘कादंबरी’वरून आपण मराठींत साऱ्या वाङ्मयप्रकारासच नांव दिलें, परंतु त्या कथेचा निवेदक वैशंपायन नांवाचा पोपट आहे हें कितीजणांच्या लक्षांत असतें? चांडालकन्येनें सोन्याच्या पिंजऱ्यांतून आणलेला तो पोपट शूद्रक राजापुढें उजवा पाय उचलून एक आर्या म्हणतो. राजा थक्क होतो. तेव्हां अमात्य कुमारपालित त्यास सांगतो कीं, यांत नवल नाहीं. पूर्वीं पोपटांना मनुष्यासारखी स्पष्ट वाणी होती, अग्नीच्या शापानें ती अस्पष्ट झाली. म्हणजे बाणाच्या दृष्टीनें पोपटाला भाषा उसनी मिळालेली नाहीं. त्याची स्वतःची भाषा हरवलेली आहे.

आणि तो पोपट पुढें सांगतो काय? विंध्याटवींतल्या एका जुन्या शाल्मली वृक्षाच्या ढोलींत आपला जन्म झाला. आई बाळंतपणांतच गेली. म्हाताऱ्या बापानें दुसऱ्यांच्या घरट्यांतून गळालेलें धान्य वेंचून आपणास वाढविलें. एके दिवशीं शबरांची टोळी आली. एक वृद्ध शबर झाडावर चढला व ढोलीढोलींत हात घालून एकेक पिलूं मारून खालीं टाकूं लागला. बापानें पिलास पंखाखालीं घेतलें. शबरानें त्याची मान मुरगळली आणि खालीं फेंकलें. पंखाला चिकटलेलें पिलूं वाळल्या पानांच्या ढिगावर पडलें म्हणून वांचलें. ‘कादंबरी’ एक शृंगारकथा म्हणून वाचणाऱ्यांनीं हीं चार पानें पुन्हां वाचावीं. शिकारीचें वर्णन शिकार होणाऱ्याच्या ढोलींतून केलेलें मला तरी प्राचीन वाङ्मयांत फारसें आढळलेलें नाहीं. बाणाचा शबर पिलें खाण्यासाठीं मारीत होता. बाजारासाठीं तीं काढणारा त्यांस जिवंत ठेवतो, पण हात ढोलींत तसाच घालतो. आपल्या देशांत देशी पोपट धरणें, विकणें अगर पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. ‘मिठू’ घरोघर असतो म्हणून तो गुन्हा वाटत नाहीं, एवढेंच.

त्यानंतरच्या शुकसप्ततीविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. परगांवीं गेलेल्या व्यापाऱ्याच्या बायकोस पोपट रोज रात्रीं एक गोष्ट सांगून घरीं अडकवून ठेवतो. इ. स. १३३० त झिया नख्शबी यानें फारशींत ‘तूतीनामा’ लिहिला, अकबरानें त्याची सचित्र प्रत करविली, आणि आपल्या मराठींत ती ‘शुकबहात्तरी’ झाली. फारशी कथेंतील मैना मालकिणीस तोंडावर उपदेश करते व प्राण गमावते. पोपट मात्र ‘अवश्य जा, पण आधीं एवढी गोष्ट ऐका’ असा सूर धरतो. ज्या समाजानें ही कथा रचली व शतकानुशतकें मिटक्या मारीत ऐकली, त्यास पोपट निर्बुद्ध वाटत होता असें म्हणवत नाहीं.

तरी उलट बाजूचीहि साक्ष आपल्याकडे आहे, आणि ती थोर आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टांत येतो. दोरींत ओंवलेल्या नळीवर पोपट बसला कीं त्याच्या भारानें ती फिरते व तो उलटा लटकतो. सोडून उडून जावें तर तो नळीच घट्ट धरतो, आणि आपणांस कोणी बांधलें असें समजतो. पारधी येईपर्यंत तो आपणच आपला बंदिवान असतो. ज्ञानेश्वरांस येथें मनुष्याविषयीं सांगावयाचें आहे, पक्षिशास्त्र नव्हे. पण दृष्टांत कोणत्या पक्ष्याचा घेतला तें पहावें. ‘समजणें’ हें ज्याच्या ठिकाणीं मुळींच नाहीं, त्याची गैरसमजूत कशी होणार?

आतां युरोपाकडे वळूं. इ. स. १६३७ हें वर्ष या खटल्यांत मोठें आहे. त्या वर्षीं हॉलंडमधील लायडन येथें देकार्तचा ‘पद्धतीविषयीं प्रबंध’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें स्पष्ट म्हटलें कीं, पोपट आपल्यासारखे शब्द उच्चारतात, पण बोलतात तें विचारपूर्वक बोलत असल्याचें दाखवूं शकत नाहींत; उलट जन्मतः मुके-बहिरे लोक खुणांची भाषा निर्माण करतात. म्हणून पशुपक्ष्यांना बुद्धि थोडी आहे असें नव्हे, तर मुळींच नाहीं. आपल्या पोपटपंचीचें तत्त्वज्ञान तें हेंच. योगायोग असा कीं, त्याच १६३७ सालीं नासाऊचा राजपुत्र मॉरिस हा डच वसाहतीचा अधिकारी म्हणून ब्राझीलमध्यें उतरला, आणि तेथें त्यास जो पोपट भेटला त्यानें हें तत्त्वज्ञान जवळजवळ मोडीत काढलें.

ही हकीकत इंग्रज मुत्सद्दी सर विल्यम टेंपल यानें वृद्ध राजपुत्राच्या तोंडून स्वतः ऐकून आपल्या आठवणींत नमूद केली. एक म्हातारा, मोठा पोपट प्रश्नांना उत्तरें देतो असें ऐकून राजपुत्रानें त्यास बोलावून घेतलें. दिवाणखान्यांत येतांच, येथें गोरे लोक किती जमले आहेत, असें तो म्हणाला. राजपुत्राकडे बोट दाखवून हा कोण असें विचारतां, कोणीतरी सेनापति असावा, असें उत्तर आलें. मग तो कोठून आला, कोणाचा, याचीं उत्तरें झालीं. एका पोर्तुगीजाचा, असें त्यानें सांगितलें. तेथें काय काम करतोस? कोंबड्या राखतों. राजपुत्र हंसला, तेव्हां पोपटानें तें काम आपणांस उत्तम येतें असें बजावून कोंबड्यांना बोलाविण्याचा आवाज चारपांच वेळां काढून दाखविला. बोलणें ब्राझीलच्या भाषेंत झालें. राजपुत्रास ती येत नव्हती; त्यानें एक डच व एक ब्राझिलियन असे दोन दुभाषे ठेवून त्यांस वेगवेगळें विचारलें, आणि दोघांचेंहि म्हणणें एकच निघालें. राजपुत्राच्या एका धर्मोपदेशकाला मात्र तेव्हांपासून पोपट डोळ्यांसमोर सहन होईना. त्यांच्या अंगांत सैतान असतो असें तो म्हणे.

आपणांस ही गोष्ट खरी मानण्याचें कारण नाहीं. पण तिचा उपयोग जॉन लॉकनें कसा केला तें पहा. आपल्या मानवी बुद्धीवरील निबंधाच्या १७०० सालच्या आवृत्तींत त्यानें ती सबंध उतरून घेतली व विचारलें, असा पोपट खरोखरच असेल तर त्यास आपण मनुष्य म्हणूं काय? नाहीं म्हणणार, बुद्धिमान पोपट म्हणूं. तेव्हां बुद्धि असणें व मनुष्य असणें या दोन गोष्टी आपल्या मनांत वेगळ्या आहेत. देकार्तनें ज्या दाराला कुलूप घातलें, तें लॉकनें एका ऐकीव गोष्टीच्या आधारानें किलकिलें केलें.

सोबतीविषयीं या कागदपत्रांत फारसें येत नाहीं. वादी-प्रतिवादी विद्वान् होते, आणि पोपटापाशीं दिवसाचे दिवस काढणारीं माणसें वादांत पडत नसतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें रिचमंडची डचेस फ्रान्सिस स्टुअर्ट हिची मेणाची मूर्ति आहे. ती १७०२ सालीं वारली. तिच्या संग्रहीं असलेला आफ्रिकेचा राखाडी पोपट चाळीस वर्षें तिच्याजवळ होता व तिच्यामागून थोड्याच दिवसांत मेला, असें सांगतात. त्या पोपटांत पेंढा भरून तोहि मूर्तीपाशीं ठेवला गेला. एकाद्या दासीचें किंवा भावाचें असें स्मारक तेथें नाहीं.

याहून विलक्षण सोबत अलेक्झांडर हंबोल्टनें नोंदली आहे. इ. स. १८०० त तो दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या धबधब्यांपाशीं पोंचला. मायपुरेस येथें त्यास एक म्हातारा पोपट दाखविण्यांत आला. तेथील लोकांनीं सांगितलें कीं, याचें बोलणें आम्हांस समजत नाहीं, कारण तो आतुरेस लोकांची भाषा बोलतो. आतुरेस ही जमात नष्ट झाली होती. शत्रूंपुढें पळून ती धबधब्यांतील खडकांत आश्रयास गेली व तेथेंच संपली. ती भाषा ज्यानें त्या पक्ष्यास शिकविली त्याच्याविषयीं कांहींच ठाऊक नाहीं. पण कोणी शिकारी, कोणी म्हातारी, कोणी मूल त्याच्याशीं रोज बोलत होतें हें निश्चित. देकार्तच्या मतें त्या पोपटास त्या शब्दांचा अर्थ कळत नव्हता. असेल तसें, पण आतां तो ऐकणाऱ्यांपैकीं कोणालाच कळत नव्हता. हंबोल्टनें पुढें बर्लिनमध्यें स्वतः याकोब नांवाचा पोपट अनेक वर्षें पाळला. नोकरास साखर व कॉफी भरपूर आणण्याविषयीं दिलेला धन्याचा हुकूम तो म्हणून दाखवी. जगप्रवासी शास्त्रज्ञाच्या घरीं टिकलेली भाषा ही अशी.

विसाव्या शतकांत खटला पुन्हां उभा राहिला तो अधिक कडक न्यायालयापुढें. बर्लिनच्या ‘हान्स’ नांवाच्या घोड्यानें १९०० नंतर साऱ्या जर्मनीस वेड लावलें होतें. तो खूर आपटून गणिताचीं उत्तरें देई. १९०७ त पफुंग्स्ट या संशोधकानें सिद्ध केलें कीं, बरोबर आंकडा येतांच प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नकळत जो पालट होतो तो पाहून घोडा थांबतो. तेव्हांपासून जनावराच्या बुद्धीचें नांव काढलें कीं शास्त्रज्ञ प्रथम हान्सची आठवण देत. अशा हवेंत, हार्वर्ड येथें रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतलेल्या आयरीन पेपरबर्ग या बाईंनीं १९७७ च्या जून महिन्यांत शिकागोच्या एका दुकानांतून वर्षभराचा एक राखाडी पोपट विकत घेतला. निवड त्यांनीं स्वतः केली नाहीं, दुकानांतील माणसाला करावयास सांगितली. नाहीं तर हुशार पांखरूं हेरून आणलें असा आक्षेप आला असता. त्याचें नांव ॲलेक्स.

शिकविण्याची रीत अशी. दोन माणसें पोपटासमोर बसत. एक जण वस्तु दाखवून नांव विचारी, दुसरा उत्तर देई; बरोबर आलें तर ती वस्तु त्यास मिळे, चुकलें तर मिळत नसे. मग दोघे भूमिका बदलीत. पोपट हा खेळ पाही, त्या दुसऱ्याचा हेवा करी आणि आपणहि त्यांत उडी घेई. बक्षीस म्हणून दाणा नव्हे, तर ज्या वस्तूचें नांव घेतलें तीच वस्तु, म्हणजे शब्दाची आणि वस्तूची गांठ पक्की बसे. प्लिनीची कांब येथें नाहीं. वात्स्यायनाच्या दुपारच्या बैठकीशीं याचें नातें अधिक जवळचें. याचें कारण पोपटाच्या मूळ स्वभावांत आहे. तो थव्यांत राहणारा प्राणी. आपल्या थव्याचे आवाज शिकणें हेंच त्याच्या सोबतीचें साधन. व्हेनेझुएलांतील एका लहान जातीच्या पोपटांवर झालेल्या, २०११ त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, आईबाप पिलांना प्रत्येकाची वेगळी अशी हांक देतात, आणि अंडीं दुसऱ्या घरट्यांत हलविलीं तरी पिलें वाढविणाऱ्यांचीच हांक उचलतात. घरांतल्या एकट्या पोपटाला आपण माणसें म्हणजेच थवा. म्हणून तो आपली भाषा उचलतो. आणि म्हणूनच दिवसभर एकटा कोंडलेला पोपट पुष्कळ वेळां आपलींच पिसें उपटूं लागतो.

ॲलेक्सला कालांतरानें पन्नासांवर वस्तूंचीं नांवें, सात रंग, पांच आकार व सहापर्यंतचे आंकडे येऊं लागले. न पाहिलेल्या दोन वस्तू दाखवून यांत सारखें काय, निराळें काय, असें विचारल्यास रंग, आकार किंवा पदार्थ यांपैकीं योग्य तो शब्द तो शंभरांत सुमारें ऐंशीं वेळां सांगे. आणि कांहींच सारखें नसेल तर ‘कांहीं नाहीं’ म्हणे. एके दिवशीं तबकांत दोन, तीन व सहा अशा गटांनीं निरनिराळ्या रंगांचे ठोकळे मांडून, तीन ठोकळ्यांचा रंग कोणता असें त्यास विचारीत होते. तो हट्टानें ‘पांच’ म्हणत राहिला. पुन्हां विचारलें, पुन्हां ‘पांच’. तबकांत पांचांचा गट नव्हताच. शेवटीं कंटाळून पेपरबर्ग बाईंनीं विचारलें, बरें, पांचांचा रंग कोणता? तो म्हणाला, ‘कांहीं नाहीं.’ हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. सारखेपणाच्या अभावासाठीं शिकलेला शब्द त्यानें वस्तूच्या अभावास लावला, आणि तें उत्तर मिळावें म्हणून प्रश्नहि आपणच विचारवून घेतला. घोड्याची उपपत्ति येथें लागू करणें कठीण आहे. कारण असल्या उत्तराची अपेक्षा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हती, मनांतहि नव्हती.

मेंदूच्या आकारावरून बुद्धि मोजणाऱ्यांचा आक्षेप मात्र पुष्कळ वर्षें उभा होता. अक्रोडाएवढ्या मेंदूंत एवढें कसें मावतें? २०१६ त प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत पोपट व गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूंत पेशी इतक्या दाट आढळल्या कीं, तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मेंदूला तें साधत नाहीं. त्याच वर्षीं जोहान्सबर्ग येथील परिषदेनें राखाडी पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर अत्यंत कडक निर्बंध घातले. आफ्रिकेंतल्या ढोली रिकाम्या होत चालल्या होत्या.

ॲलेक्स एकदां आजारी पडला तेव्हां त्यास वैद्याकडे ठेवून बाई जावयास निघाल्या. मागून त्यानें हांक मारली. इकडे ये, मला क्षमा कर, मला परत जावयाचें आहे, अशा अर्थाचे आपल्याजवळचे सगळे शब्द त्यानें एकापुढें एक म्हटले. ‘क्षमा कर’ हा शब्द त्यानें प्रयोगशाळेंत अपराध झाल्यावर ऐकला होता. आपला अपराध झाला म्हणून आपणांस येथें सोडून जात आहेत असें त्यास वाटलें काय? बाईंनीं शास्त्रीय निबंधांत असलें कांहीं कधीं लिहिलें नाहीं.

६ सप्टेंबर २००७ रोजीं सकाळीं तो पिंजऱ्यांत मेलेला आढळला. तो ३१ वर्षांचा होता. त्याच्या जातीच्या मानानें हें वय फार नव्हे. आदल्या संध्याकाळीं निरोप घेतांना तो म्हणाला होता, ‘नीट रहा, तूं मला आवडतेस, उद्यां येशील ना?’ बाईंनीं होय म्हटलें व दिवा मालवला. या शब्दांना पुढें वर्तमानपत्रांनीं फार प्रसिद्धि दिली. पेपरबर्ग बाईंनीं स्वतः मात्र एवढेंच सांगितलें कीं, तो रोज रात्रीं असेंच म्हणत असे.